कंच्याची चाल की कंच्याचा वेग?

यवतमाळकडच्या एका गुरुजींनी विचारलं आहे. सातवीच्या वर्गात त्यांनी २ मीटरची फळी घेतली, एका टोकाखाली दोन-तीन पुस्तकं सारली आणि वरून कंचा, म्हणजे काचेची गोटी, सोडला. पोरांनी मोबाइलवर वेळ मोजली: ४ सेकंद. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, ‘चाल = ०.५ मीटर प्रति सेकंद’. तर एक पोट्टा उठून म्हणतो, “सर, चाल म्हंजे त जाऊ ना! हा कंचा त पयला (पळाला).” गुरुजींचा प्रश्न असा, की इथे ‘वेग’ लिहिलं तर काय बिघडतं? आणि ‘गती’ का नको?

पोट्टा चुकलेला नाही. ‘चाल ना’ मधली चाल आणि फळ्यावरची चाल एकाच धातूची, ‘चल्’ची. बैलाची चाल, भजनाची चाल, बुद्धिबळातली चाल, शत्रूवर केलेली चाल. एवढी कामं करणाऱ्या शब्दाला विज्ञानाने आणखी एक काम लावलं. ‘गती’ ‘गम्’पासून आली. ती म्हणजे हलणं, जागा बदलणं, आकडा नव्हे. (आमच्याकडे ‘याला गणितात गती नाही’ म्हणतात ती वेगळीच!) ‘वेग’ ‘विज्’पासून, म्हणजे मुळात उसळी, लोंढा. आयुर्वेदात शिंक, जांभई, भूक यांनाही ‘वेग’च म्हणतात आणि ते अडवू नयेत असं सांगतात.

रोजच्या बोलण्यात आपण तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतो, ते खुशाल वापरावेत. पुस्तकाने मात्र त्यांच्यात धुरे, म्हणजे बांध, घातले आहेत. कापलेलं अंतर भागिले वेळ ती चाल. विस्थापन, म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंतचं सरळ अंतर दिशेसह, भागिले वेळ तो वेग. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची ‘वेगमर्यादा’ आहे. काटेकोर बोलायचं तर ती ‘चालमर्यादा’ हवी, कारण नागपूरकडे जा की मुंबईकडे, मर्यादा तीच. पण असा फलक कोणी लावला तर मीच आधी हसेन.

आता खरी अडचण. गुरुजी, तुमच्या फळीवर हा फरक दिसणारच नाही. कंचा एकाच दिशेने सरळ उतरतो, म्हणून अंतर २ मीटर आणि विस्थापनही २ मीटर. उत्तरापुढे ‘फळीच्या उताराकडे’ एवढं जोडलं, की तोच आकडा वेगाचा. फरक दाखवायचा तर पोरांना खळ्याची आठवण द्या. मधे तिवडा म्हणजे खांब, भोवती मळणीसाठी फिरणारी बैलांची पात. बैल दिवसभर चालले, पण एक फेरा पुरा झाला की जिथून निघाले तिथेच. विस्थापन शून्य, म्हणून त्या फेऱ्याचा सरासरी वेग शून्य. चाल मात्र शून्य नाही. मळणीयंत्र आल्यापासून पात पोरांनी पाहिलेली नसेल, तर एकाला झेंड्याच्या खांबाभोवती पळवा.

आणखी एक. तुमचे ०.५ ही ‘सरासरी चाल’ आहे, तेवढा शब्द फळ्यावर वाढवा. फळीच्या मधोमध खडूची रेघ मारून पुन्हा मोजा. पहिल्या मीटरला साधारण २.८ सेकंद लागतील, दुसऱ्याला जेमतेम १.२, मोबाइलवर बोट मागेपुढे होईल, तेवढं सोडून द्या. वेग असा वाढत जातो, त्या वाढीच्या दराला ‘त्वरण’ म्हणतात. शब्द अवघड दिसतो, पण ‘त्वरित’ मधली त्वरा तीच. त्याआधी पोरं ‘कंचा जोऱ्यानं पयला’ म्हणतील, तिथे मात्र थांबवा. या ‘जोरा’त चाल आणि बल दोन्ही एका पोत्यात भरलेले असतात, आणि पुढे बलाचा धडा आला की तेच पोतं सोडवत बसावं लागतं.