मित्र माझ्या गाण्यांना हसतात. आवड लपवू की बदलू?

तुम्ही लिहिलंय त्याचा मथितार्थ असा: शिरपूरला होस्टेलवर राहता, मेटल (जड गिटारचं, दणदणीत रॉक) ऐकता. खोलीतले तिघे म्हणतात, "हाई काय गानं शे का? भांडा पडी राहिनात असं वाटस." (भांडी पडतायत असं वाटतं.) ते तिघे हळदीत वाजणारी डीजेवरची अहिराणी गाणी लावतात तेव्हा तुमचं डोकं उठतं. आता आवड लपवावी, की त्यांच्यासारखं ऐकायला शिकावं, हा तुमचा प्रश्न. जाता जाता हेही सांगितलंय की हेडफोन लावून तुम्ही पलंगाच्या पत्र्यावर बोटं वाजवता आणि खालच्या पलंगावरचा त्यावरून कटकट करतो.

लपवायची असेल तर खुशाल लपवा. त्यात भित्रेपणा वगैरे काही नाही. निम्मं धुळं लपवत होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

१९९० पासून पुढची तेरा वर्षं पाचकंदीलजवळच्या एका गल्लीत माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. तुमच्या वयाच्या मुलांना हा धंदा माहीत नसेल. गिऱ्हाईक वहीच्या पानावर गाण्यांची यादी आणायचं, साठ मिनिटांची की नव्वदची ते सांगायचं, आणि मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोऱ्या कॅसेटवर ती गाणी उतरवून द्यायचो. (कायद्यात बसणारा धंदा नव्हता. तेव्हाही ठाऊक होतं, उगाच आव आणत नाही.) यादी म्हणजे माणसाची पत्रिकाच असते. वर्षभरात मला गल्लीतल्या प्रत्येकाचं पोट कळायला लागलं.

त्यात एक गोष्ट फार लवकर ध्यानात आली. एकटा आलेला माणूस आणि चौघांत आलेला तोच माणूस, यांच्या याद्या वेगळ्या असतात. देवपूरकडची कॉलेजची पोरं घोळक्याने यायची. त्यांच्यातला एक जण आधी बोलायचा, बाकीचे "मलाही हेच, फक्त दोन गाणी बदल" म्हणायचे. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, मी शटर वर करतोय तोवर, त्यातलाच एखादा हळूच येऊन म्हणायचा, "भाऊ, ती माझी यादी राहू द्या, ही घ्या." या दुसऱ्या यादीत काय असायचं? कव्वाली असायची, आईच्या वेळची भावगीतं असायची, एकदा तर सबंध नव्वद मिनिटं भजनं. घोळक्यात मात्र सगळ्यांना झंकार हवा. झंकार म्हणजे जुन्या गाण्यावर मागून ठोकलेला ढोलकीसारखा ताल. त्याने चांगल्या गाण्यांचं मातेरं केलं, हे माझं मत आजही पक्कं आहे.

एक कॉलेजातले सर यायचे. शास्त्रीयचे दर्दी. कुमार गंधर्वांनी देवासला राहून माळव्यातली लोकगीतं कशी गोळा केली, त्या धुनांमधून नवे राग कसे बांधले, हे ते काउंटरला रेलून तासभर सांगायचे. माझं सगळं ऐकीव ज्ञान त्यांचंच. हेच सर नव्वदच्या कॅसेटची ए बाजू ख्यालाने भरून घेत आणि बी बाजूला आपल्या खान्देशी तमाशातली गाणी. "ए बाजूवर रागाचं नाव लिही. बी बाजूवर काही लिहू नकोस." लोकगीतातून राग निघतो हे जगाला समजावणारा माणूस स्वतःची बी बाजू कोरी ठेवत होता. मी त्यांना कधी हसलो नाही. गिऱ्हाईक चांगलं होतं, आणि बी बाजू मलाही आवडायची.

हे फक्त धुळ्याचं आहे असं समजू नका. २००६ साली अमेरिकेतल्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला होता. अनोळखी बँडांची ४८ गाणी त्यांनी चौदा हजारांवर लोकांपुढे इंटरनेटवर ठेवली. काहींना नुसती गाणी दिसत होती. बाकीच्यांचे आठ गट केले, आणि आपल्या गटातल्या किती जणांनी कोणतं गाणं उतरवून घेतलं, तो आकडा शेजारी दाखवला. आठही गटांत गाणी तीच, तरी एक गाणं एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्या गटात चाळिसावं. आकडा दिसला की लोक आकड्यामागे गेले. तुमच्या खोलीत आकडा तीन विरुद्ध एक असा आहे. उद्या तुम्ही पुण्याच्या एखाद्या होस्टेलवर गेलात तर तो उलटा पडेल, आणि मग अहिराणी लावणारा तोंड लपवत बसेल.

वरून हुकूम काढूनही चव बदलत नाही, तो किस्सा माझ्या वडिलांचा. त्याच जागेत आधी त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. १९५२ नंतर बाळकृष्ण केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली होती. लोकांनी शास्त्रीय ऐकावं, अशी इच्छा. लोकांनी काय केलं, तर सुई फिरवून सिनेमाची गाणी लावणारं रेडिओ सिलोन लावलं. वडील सांगायचे, सेट दुरुस्तीला येई तेव्हा एकच तक्रार असे, 'सिलोन खरखरतं.' शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीलाच सिनेमाची गाणी लावणारी विविध भारती काढावी लागली.

आता माझी स्वतःची गोष्ट, जी मी फारशी सांगत नाही. साधारण ९६ची असेल. साक्री तालुक्यातून, पिंपळनेरच्याही पलीकडून एक माणूस आला. पन्नाशीचा, कोकणा या आदिवासी समाजाचा. त्याच्याकडे घरच्या टेपवर भरलेली एक कॅसेट होती, तिच्या पाच प्रती हव्या होत्या. मी ती डेकमध्ये घातली आणि स्पीकर चालू केला. दुकानात तेव्हा तीन-चार पोरं उभी होती. आतून निघाला एक लांबलचक, भरड, घुमणारा आवाज. सूर बदलतो की नाही तेही कळेना. मी म्हणालो, "बाबा, टेप अडकलीय तुमची." पोरं हसली. ती हसली म्हणून मीही हसलो, आणखी एक-दोन वाक्यं टाकली. तो म्हणाला, "पावरी आहे ती." बस, एवढंच. प्रती घेतल्या, पैसे मोजून दिले, गेला. परत कधी आला नाही.

मी काही दुष्ट माणूस नव्हतो. एकटा असतो तर विचारलं असतं, हे काय वाद्य, कुठे मिळतं. पोरं उभी होती म्हणून माझं तोंड सुटलं.

पुढे चार-पाच वर्षांनी मार्गशीर्षात एका मित्रासोबत त्याच भागात जाणं झालं. डोंगऱ्या देवाचा उत्सव चालू होता. रात्र, कडाक्याची थंडी, मधोमध पावरीवाला आणि त्याच्याभोवती गोल धरून नाचणारी माणसं. पावरी जवळून पाहिली: वाळलेला दुधी भोपळा, त्याला बांबूच्या नळ्या, पुढे शिंग. वाजवणारा गाल फुगवून वारा धरून ठेवतो, त्यामुळे आवाज तुटतच नाही. आणि तो तुटू नये हेच तर खरं काम! त्या आवाजावर पावलं तोललेली असतात. मी दुकानात खुर्चीवर बसून त्यात चाल शोधत होतो. चूक टेपची नव्हती.

तेव्हापासून नवं काही कानावर आलं की मी आधी एवढंच बघतो, हे कुठे आणि कुणासाठी वाजायला बनलंय. तुमच्या रूममेटच्या गाण्यांचंच घ्या. तुम्ही ती मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकता. आपल्याकडे डीजे म्हटलं की माणूस डोळ्यापुढे येत नाही, गाडीवर रचलेली स्पीकरची भिंत येते. ही गाणी त्या भिंतीसाठी, धुळीच्या रस्त्यासाठी, दिवसभर वऱ्हाडात राबलेल्या पायांसाठी केलेली असतात. तोच तुकडा चार-चार वेळा येतो, कारण नाचणाऱ्याला तो परत हवा असतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ऑगस्ट १९७३ मध्ये कूल हर्क नावाच्या पोराने बहिणीच्या पार्टीत हेच केलं. नाचणारे गाण्यातल्या नुसत्या ड्रमच्या तुकड्याची वाट बघतात हे त्याने हेरलं होतं. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून तो तुकडा तो लांबवत नेई. हिपहॉपची सुरुवात लोक तिथून मोजतात. एकदा कुणाच्या तरी हळदीला जा, भिंतीपासून जरा लांब उभे राहा (कान सांभाळा, हे मी गंभीरपणे सांगतोय), आणि पाय काय म्हणतात ते बघा. नाही हलले तर नाही हलले. आवडलंच पाहिजे अशी सक्ती नाही.

मला मेटल आजही आवडत नाही. तीन गाण्यांच्या पुढे टिकत नाही मी. पण ब्लॅक सॅबथ या मेटल बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याची हकीकत कळल्यावर पहिली तीन तरी नीट ऐकतो. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा नेमका तोच हात. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैलही केल्या. सूर खाली उतरला, जड झाला. ब्लॅक सॅबथचा १९७० नंतरचा तो आवाज घडण्यात या बोटांचा मोठा वाटा आहे. माझा एक मित्र अवधानच्या एमआयडीसीत प्रेसवर काम करतो, त्याचंही करंगळीचं पेर गेलेलं. त्याला मी हे सांगितलं. गाणं ऐकवलं तर म्हणाला, "माले काई समजनं नही." मग थोडा वेळ गप्प बसून, "पन वाजाडीसन दखाडं ना त्यानी." (पण वाजवून दाखवलं ना त्याने.)

तर रूममेटला अख्खा अल्बम ऐकवू नका. ही बोटांची गोष्ट सांगा आणि एकच गाणं लावा. त्याच्याकडूनही एकच मागा, पण ते त्याने निवडलेलं असावं, आणि बाकीचे दोघे खोलीत नसताना. घोळक्यात तो तुम्हाला तिघांची यादी देईल.

राहिला पलंगाच्या पत्र्यावर बोटं वाजवायचा प्रश्न. तिथे खालच्या पलंगावरच्याचं बरोबर आहे. रात्री अकरानंतर ते बंद करा.