फोनच्या रंगाआधी पाकिटावरची तारीख पाहा

गोरेगावच्या एका वाचक भगिनीचे पत्र थोडे आटोपते करून देतो.

“मी ३४ वर्षांची आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो. मुलगा चार वर्षांचा आहे, सासूबाई आमच्याकडेच असतात. पुढच्या महिन्यात आठ दिवस बँकॉक आणि फुकेतला जाणार आहोत. तिकडे ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम) सोयीचं पडतं असं कळलं, म्हणून माझा आयफोन १२ बदलून आयफोन १७ प्रो घ्यायचं ठरवलं आहे. किंमत १,३४,९०० रुपये. क्रेडिट कार्डावर चोवीस महिन्यांचा बिनव्याजी हप्ता साधारण ५,६०० बसतो. नाहीतर दीर दुबईहून आणून देतो म्हणतात. यांना नारिंगी आवडला आहे, मला निळा. पुढे विकताना कोणत्या रंगाला भाव जास्त येतो? आणि प्रवासासाठी साधं सिम बसणारा फोन बरा की फक्त ई-सिमचा? हप्त्यांची काळजी नाही. बँकेतल्या मॅडमच्या सल्ल्याने एफडी मोडून वर्षाला एक लाख, असे दहा वर्षं भरायची गॅरंटीड इन्कम पॉलिसी घेतली आहे. पहिल्या वर्षाच्या शेवटापासूनच दरवर्षी ३५,००० मिळणार, तेही पंचवीस वर्षं, आणि शेवटी भरलेले दहा लाख परत. म्हणजे लाखावर पस्तीस टक्के. शिवाय कर वाचतो. कंपनीतून फोन आला तेव्हा सगळ्याला ‘हो’ म्हणा असं मॅडमनी सांगितलं होतं, तसं म्हटलं. पॉलिसीचं पाकीट मागच्या आठवड्यात आलं, अजून उघडलेलं नाही. माझा पगार वर्षाला ११ लाख आहे. घराचं कर्ज ४८ लाख बाकी आहे, दोघांच्या नावावर.”

तुमचे पत्र वाचल्यावर सदर छापून येण्याची वाट न पाहता मी त्याच दुपारी तुम्हाला ईमेल पाठवली. तुम्ही विचारलेल्या दोन प्रश्नांना मुदत नाही, पण जे विचारलेच नाही त्याला आहे. पॉलिसीचा दस्तऐवज हातात पडल्यापासून तीस दिवसांच्या आत ती नापसंत म्हणून परत करण्याचा कायदेशीर हक्क प्रत्येक विमाधारकाला असतो. त्याला फ्री-लुक कालावधी म्हणतात. मधल्या दिवसांचे जोखमीचे शुल्क, स्टॅम्प ड्यूटी आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च वजा होऊन बाकीची सर्व रक्कम परत मिळते. तुमच्या बाबतीत एक लाखातले बहुतेक सगळे पैसे आज परत येऊ शकतात, आणि हीच मागणी एकतिसाव्या दिवशी केली तर तिला फारसा अर्थ उरणार नाही. म्हणून ते पाकीट आज उघडा, कुरिअरच्या पावतीवरची तारीख पाहा, आणि दस्तऐवज ईमेलने त्याच्याही आधी आला असेल तर ती तारीख धरा.

पस्तीस टक्क्यांच्या समजाबद्दल मला तुमच्यावर रागावता येत नाही, कारण हे गणित विकणाऱ्याने मुद्दाम अर्धेच मांडलेले असते. पहिल्या वर्षी तुम्ही एक लाख भरले आणि ३५ हजार मिळाले, इथपर्यंतच ते सांगितले जाते. दुसऱ्या वर्षी तुम्ही आणखी एक लाख भरता, तिसऱ्या वर्षी आणखी एक, आणि मिळणारी रक्कम मात्र ३५ हजारांवरच थांबलेली असते. दहा वर्षांनी तुमचे दहा लाख आत अडकलेले असतील आणि त्यावर वर्षाला ३५ हजार म्हणजे साडेतीन टक्के मिळत असतील. पंचवीस वर्षांनी परत येणारे दहा लाख हे तुमचेच दहा लाख आहेत, त्यात एक रुपयाचीही भर पडलेली नाही. महागाई सहा टक्के धरली तर त्या दिवशीच्या दहा लाखांत आजच्या साधारण सव्वादोन-अडीच लाखांचा माल येईल. सगळे येणे-जाणे तारीखवार मांडून काढले तर या पॉलिसीचा परतावा वर्षाला पावणेपाच टक्क्यांच्या आसपास पडतो.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूने करून पाहा. तेवढीच रक्कम त्याच तारखांना भरली, तेवढेच ३५ हजार दरवर्षी काढून घेतले, आणि मधल्या काळात पैशांवर सरासरी सात टक्के मिळाले, तर पंचवीस वर्षांच्या अखेरीस हातात दहा नव्हे, साडेअठरा लाखांच्या आसपास उरतात. सात टक्के हा काही शेअर बाजाराच्या तेजीचा आकडा नव्हे. एप्रिल २०२० पासून पीपीएफचा दर ७.१ टक्के आहे. पीपीएफमधून दरवर्षी असे पैसे काढता येत नाहीत आणि त्याचा दर सरकार बदलू शकते, त्यामुळे ही तुलना केवळ अंदाज येण्यापुरती आहे. पण साडेआठ लाखांची तफावत अंदाजातही लपत नाही.

कर वाचण्याचे कारण तर तुम्हाला लागूच होत नाही. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर लागत नाही आणि नोकरदारांना त्याआधी ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते. अकरा लाख पगारावर तुमचा कर या पॉलिसीशिवायच शून्य आहे. जुनी प्रणाली निवडली असती तरी तुमचा भविष्य निर्वाह निधी आणि गृहकर्जाच्या मुद्दलाचा हप्ता यांनीच कलम ८०सी ची दीड लाखाची मर्यादा बहुधा भरली असती. जो कर तुम्हाला भरायचाच नव्हता, तो वाचवण्यासाठी तुमच्याकडून दहा वर्षांचे बंधन लिहून घेतले गेले आहे. हे मी सौम्य शब्दांत लिहू शकत नाही: पगाराचा आकडा बँकेसमोर असताना हे कारण देणे म्हणजे चुकीची विक्री आहे.

सगळ्याला ‘हो’ म्हणायला सांगितलेला तो फोन हाच तुमच्या पत्रातला मला सर्वांत जास्त खटकलेला भाग आहे. त्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण होते. “योजना तुम्हाला समजली का, हप्ता दहा वर्षे भरायचा आहे हे ठाऊक आहे का, कोणी जादा परताव्याचे आश्वासन दिले का” हे प्रश्न ग्राहकाच्या रक्षणासाठी असतात, आणि तुमची उत्तरे उद्याच्या तक्रारीत तुमच्याच विरोधात ठेवली जातात. फ्री-लुकच्या काळात मात्र तो अडसर येत नाही, कारण तिथे कोणी फसवले हे सिद्ध करावे लागत नाही. अटी मान्य नाहीत एवढे पुरते.

अर्ज विमा कंपनीला द्या, बँकेतल्या मॅडमना नव्हे. कंपनीच्या अधिकृत ईमेलवर पॉलिसी क्रमांक, दस्तऐवज मिळाल्याची तारीख, रद्द करण्याची स्पष्ट विनंती आणि बँक खात्याचा तपशील पाठवा, आणि छापील प्रत विमा कंपनीच्या जवळच्या शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. त्यानंतर तुम्हाला बँकेतून फोन येईल. साहेब सुट्टीवर आहेत, महिनाअखेरपर्यंत थांबा, दुसरी चांगली योजना देते, असे काहीही सांगितले जाईल आणि त्यात तीस दिवस निघून जातील. विम्याच्या विक्रीत बँक ही कंपनीची एजंट असते आणि तुमच्या पहिल्या हप्त्यातून तिला कमिशन मिळालेले असते, हे त्या वेळी लक्षात ठेवा. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. त्यापुढे विमा लोकपालांचे मुंबईतले कार्यालय सांताक्रूझला, तुमच्या घरापासून फार लांब नाही.

पैसे परत आले की पहिली गोष्ट, मोडलेली एफडी पुन्हा करा. ४८ लाखांचे कर्ज, लहान मूल आणि वयस्कर सासूबाई असलेल्या घरात निदान सहा महिन्यांचा खर्च आणि कर्जाचे हप्ते भागतील एवढी रक्कम हाताशी असावी, आणि तुमच्या पत्रात त्या एफडीखेरीज दुसऱ्या कोणत्याही शिल्लकीचा उल्लेख नाही. दुसरी गोष्ट, तुम्हा दोघांचा स्वतंत्र टर्म विमा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना रक्कम देणारा विमा, घ्या. रद्द करायच्या पॉलिसीत विम्याचे छत्र हप्त्याच्या दहापट, म्हणजे दहा लाखांच्या आसपास असेल. तुमच्यापैकी एकाचे काही बरेवाईट झाले तर त्या दहा लाखांत कर्जाचा पाचवा हिस्साच कसाबसा फिटेल. तुमच्या वयाला, धूम्रपान नसेल तर, एक कोटीचा टर्म विमा वर्षाला साधारण १० ते १५ हजारांत मिळतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. त्यात शेवटी काहीच परत मिळत नाही म्हणून लोक नाक मुरडतात. तुमच्या घराला आज गरज आहे ती मात्र नेमकी त्याच विम्याची.

आता फोन. पॉलिसीच्या भरवशावर हप्ता भरण्याचा बेत पॉलिसी ठेवली असती तरी जमला नसता. पुढच्या बारा महिन्यांत फोनचे ६७ हजार आणि पॉलिसीचा दुसरा हप्ता एक लाख, असे एक लाख ६७ हजार बाहेर जाणार होते आणि येणार होते ३५ हजार, तेही वर्ष संपल्यावर. ‘बिनव्याजी’ शब्दावरही विश्वास ठेवू नका. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले आहे. व्याज सवलतीच्या रूपात किमतीतून वळते केलेले असते. कार्डाचा दर १६ टक्के धरला तर तुमच्या हप्त्यांत व्याजाचा भाग २० हजारांच्या घरात जातो, आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेतीन हजार, अधिक प्रोसेसिंग शुल्क तुमच्या कार्डाच्या बिलात वेगळे येते.

आणि ज्या कारणासाठी हा फोन घ्यायचा, ते कारणच नाही. ई-सिमची सोय आयफोनमध्ये २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआर मॉडेलांपासून आहे. तुमच्या हातातल्या आयफोन १२ मध्ये एक साधे सिम आणि एक ई-सिम एकाच वेळी चालते. डायल पॅडवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून पाहा. आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकाच्या यादीत ईआयडी असा लांब क्रमांक दिसला की फोन ई-सिम घेतो. थायलंडसाठी आठ दिवसांचे डेटाचे ई-सिम घ्या, निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर क्यूआर कोड स्कॅन करून ते बसवून ठेवा, आणि तिथे उतरल्यावर चालू करा.

तुमचा भारतातला क्रमांक मात्र आहे तसाच साध्या सिमवर राहू द्या. बँकेचे ओटीपी त्याच क्रमांकावर येतात, आणि सिम बदलले किंवा ई-सिममध्ये रूपांतरित केले की फसवणूक टाळण्यासाठी पहिले चोवीस तास एसएमएस बंद ठेवले जातात. अंधेरीच्या टर्मिनलवर रांगेत उभे राहून हे रूपांतर करणाऱ्यांना बँकॉकच्या हॉटेलात कार्ड चालवताना ओटीपी येत नाही. जाण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू आहे ना, तिकडे येणाऱ्या एसएमएसला पैसे पडतात का, हे तुमच्या मोबाइल कंपनीला विचारून घ्या आणि त्या सिमचा डेटा रोमिंग बंद ठेवा. घरबसल्या ई-सिम करून देतो, आलेला कोड सांगा, असा फोन कोणाचाही आला तरी तो ठेवून द्या. तो कोड दिला की तुमचा क्रमांक, आणि त्यामागोमाग बँक खाते, दुसऱ्याच्या हाती जाते.

दुबईचा फोन मुळीच घेऊ नका. संयुक्त अरब अमिरातीत विकल्या जाणाऱ्या आयफोन १७ मालिकेत सिमचा कप्पाच नाही, तो फक्त ई-सिमवर चालतो. भारतात विकल्या जाणाऱ्या १७ प्रो मध्ये कप्पा आहे. प्रवासात फोन पडून बंद झाला तर साधे सिम काढून तुमच्या यजमानांच्या फोनमध्ये घालता येते आणि दहा मिनिटांत ओटीपी सुरू होतात. ई-सिमची ती सोय परदेशात इतक्या सहज होत नाही.

रंगाचे विचारले आहे, तर तेही सांगतो. लॅमिंग्टन रोडवर जुना फोन विकायला गेलात की दुकानदार आधी कव्हर काढतो, ट्यूबलाइटखाली फोन तिरका धरून कडांवरून नख फिरवतो, सेटिंग्जमध्ये बॅटरीची क्षमता किती टक्के उरली ते पाहतो, आयएमईआय खोक्याशी ताडतो आणि बिल मागतो. भाव तिथेच ठरतो. १७ प्रो चे अंग अ‍ॅल्युमिनियमचे आहे. कडेला चरा पडला की खालचा रुपेरी धातू दिसतो, आणि तो गडद निळ्यावर जास्त उठून दिसतो. त्यामुळे कधी घ्यालच तर यजमानांचा नारिंगी चालेल, पण पुढे मिळणाऱ्या भावाच्या आशेने नव्हे, आणि एफडी पुन्हा उभी राहून दोघांचा टर्म विमा झाल्यावर, रोखीने. तोवर आयफोन १२ ची बॅटरी दमली असेल तर अधिकृत केंद्रात बदलून घ्या. त्याला काही हजारच लागतात.

शिक्का मारलेल्या अर्जाचा फोटो मला ईमेलवर पाठवा. पाकिटावरची तारीख आणि अर्जावरची तारीख मला जुळवून पाहायची आहे.