होडी काढायची की नाही, ते आधी सांग

प्रश्न : मुलगी बारावीला आहे. तिला रेडिओवर निवेदिका व्हायचंय. अमीन सयानींचे जुने कार्यक्रम ऐकून ती हुबेहूब तसं बोलायचा सराव करते. योग्य आहे का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : ऐकू दे, पोटभर ऐकू दे. नक्कल मात्र आजच थांबवा. त्या भरदार आवाजामागे धावून तिचा घसा तेवढा बसेल.

सयानी घडले ते आईच्या हाताखाली. कुलसुम सयानी गांधीजींच्या सांगण्यावरून ‘रहबर’ हे पाक्षिक काढायच्या, नुकतीच अक्षरओळख झालेल्या मोठ्या माणसांसाठी. लिप्या तीन, देवनागरी, उर्दू, गुजराती. भाषा एकच, सोपी हिंदुस्थानी. त्या कामात अमीन लहानपणापासून होते. १९५२ साली श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनवर त्यांची बिनाका गीतमाला सुरू झाली, हिंदी सिनेगीतांचा कार्यक्रम. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, फीत विमानाने कोलंबोला जायची आणि बुधवारी रात्री आठला आमच्या पडवीत खरखरत उतरायची. माझ्या आजीला हिंदी येत नव्हतं. ‘बहनों और भाइयों’च्या पुढचंही तिला सगळं समजायचं!

मी रत्नागिरी आकाशवाणीवर बरीच वर्षं नैमित्तिक निवेदिका होते. मच्छीमारांसाठीचा इशारा अगदी घोटून वाचायचे : नैर्ऋत्येकडून ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा वाहण्याची शक्यता... एकदा माहेरी गेले असताना बंदरावर जाळं शिवत बसलेला एक म्हातारा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, म्हणाला, “बाये, तू वाचतंस बरां. पण होडी भायर काढूची की नाय, तां आदी सांग.” मला रात्रभर झोप नाही. दुसऱ्याच आठवड्यात वरिष्ठांना विचारून ‘समुद्रात जाऊ नये’ हे वाक्य मी पहिलं घेतलं. वाऱ्याचा वेग मागून.

तेव्हा मुलीला सांगा, वर्तमानपत्रातली एक बातमी रोज वाचायची, पेपर मिटायचा आणि दारावर मासे घेऊन येणाऱ्या मावशीला ती सांगायची. मावशी “म्हणजे काय गो?” म्हणाली की तो शब्द वहीत लिहायचा, दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा शोधायचा. मोबाइलवर स्वतःचं बोलणं मुद्रित करून ऐकू दे, म्हणजे श्वास कुठे तुटतो तेही कळेल. आणि मालवणी सुटली पाहिजे असं तिला कुणी सांगितलं असेल, तर मुळीच ऐकू नका. प्रमाण मराठी स्वच्छ हवी, हे खरं. पण घरची बोली जिभेवर असली की बोलण्याला लय आपोआप येते.

आकाशवाणीची जाहिरात आली की अर्ज करू दे. लेखी परीक्षा आणि स्वरचाचणी असते. वही सोबत न्यायला सांगा, आत जाण्याआधी चाळायला.