चिपाडाचं काय करायचं, वीज की इथेनॉल?

प्रश्न: नमस्कार सर. मामांचा उमरेड साइडला ऊस आहे, सीझनमधे कारखान्यामागे चिपाडाचा हा एवढा मोठा ढीग दिसतो. इकडे नागपुरात जिथे जावं तिथे इथेनॉलच्या गप्पा, गडकरी साहेबांचं भाषण ऐकलं की वाटते आता सगळं उसावरच चालणार. मग कारखानेवाले ते चिपाड जाळून वीज काहून करतात? इथेनॉल नाही का करता येत?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर: येते ना भाऊ, पण परवडते का ते बघू. आणि आधी हे क्लिअर करून घ्या की पंपावर पेट्रोलमधे जे 20 टक्के इथेनॉल मिसळतात ते चिपाडाचं नाही, ते उसाच्या रसाचं, मळीचं आणि आता बरंचसं मक्या-तांदळाचं आहे.

एक टन ऊस गाळला की 280-300 किलो बगॅस, म्हणजे चिपाड, निघतो, त्यातही निम्मं पाणीच. त्याच्यावर पहिला हक्क कारखान्याच्या बॉयलरचा, कारण रस आटवायला वाफ लागते आणि त्यासाठी कोणी कोळसा विकत आणत नाही. म्हणजे भांडण फक्त उरलेल्या बगॅसचं. जुन्या कमी प्रेशरच्या बॉयलरमधे फार काही उरतच नव्हतं, आता 87 नाहीतर 110 किलो प्रेशरचे आले म्हणून कारखाने ग्रिडला वीज विकतात.

इथेनॉलची अडचण अशी की चिपाडातली साखर सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज नावाच्या चिवट तंतूंमधे अडकलेली, वरून लिग्निनचं कवच. आधी वाफेने किंवा अ‍ॅसिडने ते फोडा, मग महागडे एन्झाइम टाका, त्यातही हेमिसेल्युलोजमधून जी झायलोज साखर निघते ती साधं यीस्ट खातच नाही, तिच्यासाठी वेगळं यीस्ट लागते. पानिपतला इंडियन ऑइलचा असा प्लांट आहे, 2022 मधे त्याचं उद्घाटन झालं, तो धानाच्या तणसाचा आहे, हिशेब वर्षाला 2 लाख टन तणस आणि 3 कोटी लिटर इथेनॉल, म्हणजे टनाला 150 लिटर. आता समजा आपल्याकडच्या एखाद्या कारखान्याने 3 लाख टन ऊस गाळला तर ओला बगॅस निघेल 90 हजार टन, त्यातला बराचसा त्याच्याच बॉयलरला, मग एवढा मोठा प्लांट चालवायचा कशावर?

गाडीच्या भाषेत पाहा. एक टन ओल्या बगॅसपासून चांगल्या बॉयलरवर 400 युनिट धरा, तारेतली गळती सोडून 340, इलेक्ट्रिक कार युनिटला 6 किलोमीटर चालली तरी 2 हजार किलोमीटर झाले. तोच बगॅस वाळवला तर अर्धा टन, पानिपतच्या हिशेबाने इथेनॉल 75 लिटर, आणि पेट्रोलवर 15 चा अ‍ॅव्हरेज देणारी गाडी निव्वळ इथेनॉलवर 10 च्या आसपास देईल, म्हणजे 750 किलोमीटर. उतारा दीडपट मिळाला तरी वीजच पुढे.

मात्र इथेनॉल टाकीत भरून ठेवता येते, विजेचं तसं नाही, आणि लांबचा ट्रक किंवा विमान बॅटरीवर पळवणं अजून कठीणच. शिवाय इथेनॉल काढून जे लिग्निन उरते ते बॉयलरमधेच जाते, म्हणजे थोडी वीज तिथेही आहेच. पण विदर्भातल्या छोट्या कारखान्याला आज विचाराल तर माझं मत सरळ आहे, मळीचं इथेनॉल आणि बगॅसची वीज.

मामांना एक सांगा, ऊसदराचं जे 70:30 चं सूत्र आहे (उत्पन्नातले 70 टक्के शेतकऱ्याला, 30 कारखान्याला) त्यात साखरेसोबत बगॅस, मळी आणि प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ, धरतात. बगॅस कोणत्या भावाने धरला ते कारखान्याला विचारायचा हक्क आहे, लोक विचारतच नाहीत राजेहो.

प्रश्न: शेतातलं पाचट बॉयलरला देता येईल का? नाहीतर आम्ही पेटवूनच देतो.
– कामठी रोडवरून एक शेतकरी

उत्तर: पेटवू नका हो. बॉयलरला चालते, पण त्यातल्या पोटॅश-क्लोरीनमुळे नळ्यांवर थर बसतो, वरून माती येते, गाठी बांधून वाहतुकीचा खर्च वेगळाच. त्यापेक्षा शेतातच कुट्टी करून सरीत पसरा, टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं कल्चर टाकून पाणी द्या. फक्त खोडव्याच्या, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाच्या, बुडख्यांवरचं पाचट बाजूला सारा, नाहीतर फुटवे दबतात.