शिबिराला जायच्या आधी खुबे मोकळे करा

दिवाळीनंतर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जायचं ठरलंय, वय चव्वेचाळीस, दिवसभर दुकानात खुर्चीवर, आणि मांडी घातली की पंधराव्या मिनिटाला गुडघे ठणकतात, असं तुम्ही लिहिलंय. रोज दुखणं सोसून बसलं तर सवय होईल का, हा तुमचा प्रश्न. नाही होणार. कळकळीनं सांगते, तसं करू नका.

मी तेच केलं होतं. बेळगावात एका वर्गात पद्मासन जमेना, तेव्हा शिकवणाऱ्यांनी माझा गुडघा हातानं खाली दाबला. आत कट्कन आवाज झाला. गादी दुखावली होती. चार महिने कठडा धरून जिना चढले. गुडघा बिजागरीसारखा दुमडतो नि सरळ होतो, वळणं त्याच्यात फार थोडं. मांडी घालताना पाय बाहेर वळतो तो खुब्यातून. खुबा आखडला असेल तर ते वळण गुडघ्यावर येतं. दुखतं गुडघ्यात, पण काम करायचं ते खुब्यावर.

माझी आई निपाणीत विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. लहानपणी वाटायचं, ती हलतच नाही. पुढं नीट बघितलं तर बुडाखाली पोत्याची चौपदरी घडी असायची, आणि थोड्या थोड्या वेळानं ती पायांची अदलाबदल करायची. दोरा गुंडाळणारी बोटं मात्र थांबत नसत. पुढं वाकून काम, त्यामुळं कंबर तिची धरायचीच. पण धान्य निवडणं, भांडी, चूल सगळं उकिडवं बसून केल्यामुळं खुबे कधी आखडले नाहीत. आपला दिवस खुर्ची, गाडी आणि कमोडवर जातो.

म्हणून पहिलं काम, बैठक उंच करा. घोंगडी किंवा दोन चादरी घट्ट घडी करून चार-पाच इंच उंची करा आणि तिच्या पुढच्या कडेवर बसा, मधोमध नको. बुडाची दोन हाडं टेकली पाहिजेत आणि गुडघे खुब्यांच्या खाली आले पाहिजेत. एक हात कमरेच्या मागं ठेवून बघा. तिथं बाहेर फुगवटा लागला तर अजून एक घडी घाला. आत हलकी खोलगट जागा लागली की उंची बरोबर. गुडघा अधांतरी राहिला तर त्याखाली टॉवेल सरकवा. हातांच्या ओझ्यानं खांदे ओढले जातात, तेव्हा मांडीवर शालीची घडी ठेवा. बरेच जण उशी घ्यायला लाजतात, ही फसवणूक वाटते. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले, त्याआधी बेळगावला सिव्हिल सर्जन असलेल्या डॉ. गोखल्यांनी त्यांची आसनं तिथंच पाहिली होती. त्याच अय्यंगारांनी पुढं घोंगड्या, लोड, पट्टे वापरून आसनं शिकवली. पतंजलींनीही आसनाला दोनच अटी घातल्या, स्थिर आणि सुखाचं.

आता व्यायाम. रात्री उताणं झोपून उजवा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवा आणि डावी मांडी हातांनी छातीकडं ओढा. ओढ बसली पाहिजे ती उजव्या बुडात, गुडघ्यात कळ आली तर लगेच सोडा. दोन मिनिटं, मग दुसरी बाजू. नंतर भिंतीला पाठ लावून पायांचे तळवे एकमेकांना चिकटवून बसा, गुडघे त्यांच्या वजनानं उतरू द्या, दाबू नका. खुर्चीवर बसणाऱ्यांच्या मांडीचा पुढचा भागही आखडतो; एक गुडघा जमिनीवर टेकून दुसरा पाय पुढं ठेवा आणि कंबर हळू पुढं न्या. टेकलेल्या गुडघ्याखाली मऊ घडी हवी, आपल्याकडची शहाबादी फरशी पावसाळ्यात बर्फासारखी असते. शिवाय जेवण, टीव्ही, फोन, जमेल ते जमिनीवर बसून करा. माझ्या अनुभवात याचाच फरक सगळ्यात जास्त पडतो.

ध्यान मात्र दहा मिनिटांपासून धरा, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा.

पायाला मुंग्या येणं वेगळं. नस दाबली जाते म्हणून त्या येतात आणि पाय सोडला की दोन-तीन मिनिटांत जातात. बधिर पायावर झटकन उभं राहू नका, घोटा मुरगळतो. गुडघ्यात टोचणारी कळ आली किंवा उठल्यावरही बधिरपणा राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

शिबिरात दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास बैठक असते. चौथ्या दिवसापासून रोज एकेका तासाच्या तीन बैठका न हलता बसायच्या असतात. गुडघ्याचं दुखणं अर्जातच लिहा आणि खुर्ची लागणार असेल तर आधीच सांगा. ती मिळते, आणि तिच्यावर बसूनही साधना तीच होते. तोवर आठवडाभर हे करून बघा आणि कुठली बाजू जास्त ओढते, उजवी की डावी, ते कळवा. मग उंची किती ठेवायची ते नेमकं सांगता येईल.