पेशीतल्या अंगकांमधले (छोट्या अवयवांमधले) संपर्क सैल केले तर ऑटोफॅजी (पेशीने आपलाच खराब माल मोडीत काढणं) वाढते की घटते?

प्रश्नाखाली तुम्ही पुस्ती जोडली आहे: 'एका पेपरमध्ये एलसी३ (ऑटोफॅजीत माल गुंडाळणाऱ्या पिशव्यांवर बसणारं प्रथिन) वाढलं, म्हणून ऑटोफॅजी वाढली असं लिहिलंय.' याच वाक्यावरून माझं आणि माझ्या गाईडचं वर्षभर धड बोलणं नव्हतं, म्हणून लिहितोय.

पीएचडीचं तिसरं वर्ष. हेला पेशींत (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी पेशी) मायटोफ्यूजिन-२, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाला (पेशीच्या वीजघराला) ईआरशी (पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्याशी) बांधतं असं मानलं जाणारं प्रथिन, कमी केलं होतं (नॉकडाऊन). प्रथिनं मोजायच्या ब्लॉटची फिल्म डेव्हलपरमधून काढली तर एलसी३चा खालचा पट्टा, म्हणजे पिशव्यांवर बसलेलं एलसी३, कंट्रोलपेक्षा (न छेडलेल्या पेशींपेक्षा) चांगलाच जाड. सर खूश. "ऑटोफॅजी वाढली, लिहायला घ्या." मी म्हटलं, सर, बॅफिलोमायसिनची लेन नाहीये (हे रसायन लायसोसोम, म्हणजे पेशीचा मोडीचा कारखाना, बंद पाडतं; लेन म्हणजे ब्लॉटवरचा एक रकाना). मोरीत पाणी साचलं म्हणजे नळ जोरात सुटलाय असं नाही, मोरी तुंबलेलीही असते. सगळ्या लॅबसमोर उत्तर आलं, "आता तुम्ही आम्हाला शिकवणार?" शिवाय ते महाग, बजेट नाही वगैरे.

शेजारच्या लॅबमधून ट्यूबच्या तळाशी उरलेलं मागून आणलं आणि शनिवारी रात्री चार लेन चालवल्या. लायसोसोम बंद पाडल्यावर कंट्रोलचा पट्टा फुगून नॉकडाऊनच्या बरोबरीला आला. नॉकडाऊनचा जागचा हलला नाही. मोरीच तुंबली होती. सोमवारी सरांनी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली, पाहिली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. एक शब्द नाही.

तुमचं उत्तर: कुठली गाठ सोडता त्यावर आहे. २०१३ मध्ये ओसाकाच्या योशिमोरी यांच्या गटाने दाखवलं की उपाशी पेशीत एटीजी१४ हे ऑटोफॅजी सुरू करणारं प्रथिन ईआर आणि मायटोकॉन्ड्रिया भिडतात तिथे गोळा होतं आणि ऑटोफॅगोसोम (माल गुंडाळणारी ती पिशवी) तिथेच घडतो. संपर्क मोडला की काम अडतं. २०१७ मध्ये लंडनच्या गटाने ईआर आणि मायटोकॉन्ड्रिया बांधणारी व्हीएपीबी आणि पीटीपीआयपी५१ ही प्रथिनांची जोडी सोडवली, तर ऑटोफॅजी उलट वाढली, कारण ईआरमधून मायटोकॉन्ड्रियात जाणारं कॅल्शियम घटलं. मला यात भांडण दिसत नाही. व्हीएपीबीतल्या बिघाडाने एएलएसचा (हालचालीच्या चेतापेशी मरतात त्या आजाराचा) एक आनुवंशिक प्रकार होतो, मायटोफ्यूजिन-२च्या बिघाडाने शार्को-मारी-टूथ २ए (हातापायांच्या नसांचा आजार). पार्किन्सन्समध्ये बिघडणारी पिंक१-पार्किन ही प्रथिनांची जोडी तर खराब मायटोकॉन्ड्रियावरच्या मायटोफ्यूजिन-२ला खूण करून त्या मायटोकॉन्ड्रियाला ईआरपासून मुद्दाम सोडवते, मग तो मोडीत निघतो. म्हणजे 'संपर्क वाढवा, आजार टाळा' असं सांगणाऱ्याला सरळ उठवा.

तो पेपर पुन्हा उघडा आणि आकृतीत बॅफिलोमायसिन किंवा क्लोरोक्विनची (तेही लायसोसोम अडवतं) लेन आहे का बघा. नसेल तर मजकूर वाचायची तसदी घेऊ नका. आणि उपवासाने ऑटोफॅजी वाढून पार्किन्सन्स टळतो का हे पेशींच्या प्लेटवरून कुणी ठरवू नये. मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

एक राहिलंच. मायटोफ्यूजिन-२ मायटोकॉन्ड्रियांना आपसात जोडायचंही काम करतं, आणि ते काढलं की ईआर उलट जवळ येतो असं म्हणणारेही गट आहेत. म्हणजे माझ्या त्या चार लेनमधून संपर्कांबद्दल काहीच सिद्ध होत नाही. सर हे बोलले असते तर मी गप्प बसलो असतो. ते बजेटवर बोलले.