मुदत मागण्याआधी

चिरंजीव वकीलसाहेब,

परवा बालकल्याण समितीच्या व्हरांड्यात तू मला पाहिलं नसावंस. माझं दुसरं काम होतं, नंबर लागायला वेळ होता, म्हणून बाकावर टेकले होते. शेजारी तुझ्याच प्रकरणातला पोरगा. असेल नऊएक वर्षांचा. मांडीवर कापडी पिशवी, तिला वरून गाठ मारलेली. काय रे आहे यात, विचारलं, तर म्हणाला, सगळंच. दोन शर्ट, एक वही आणि बिस्किटांचा पुडा. पुडा कुणीतरी बालगृहात वाटलेला, त्यानं आजीसाठी न फोडता ठेवलेला. तू आत पाच मिनिटं होतास. बाहेर येऊन आजीला म्हणालास, "पंधरा दिवसांची तारीख मिळाली." आजीला काही कळलं नाही, पोराला कळलं. त्यानं गाठ सोडली, पुडा काढून आजीच्या हातात दिला आणि गाठ पुन्हा मारली.

रागवायला लिहीत नाही. म्हणजे, थोडं रागवायलाच लिहितेय.

तू तारीख का मागितलीस ते मी नंतर विचारून घेतलं. गृहचौकशीचा अहवाल आदल्या संध्याकाळी आला आणि तू वाचला नव्हतास. दिवाणी कोर्टात हे चालतं. वाटपाचा दावा आजा लावतो आणि नातू चालवतो, तिथं पंधरा दिवसांचं कुणाला काय पडलंय? आपल्या अंगात ती सवय इतकी मुरलेली असते की समितीपुढे उभं राहिलं तरी तोंडातून आधी "मुदत मिळावी" हेच येतं. मीही तशीच होते. पण कोर्टातला पक्षकार तारखेनंतर आपल्या घरी जातो. इथला पक्षकार बालगृहात परत जातो.

कायद्यानं इथं घड्याळ लावून ठेवलंय, ते आधी पाठ कर. बाल न्याय अधिनियम २०१५. मूल सापडल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत समितीपुढे आणायचं. सामाजिक तपासणीचा अहवाल १५ दिवसांत. पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, पण प्रकरण निकाली काढायला निदान तिघं हजर लागतात. म्हणून आदल्या दिवशी फोन करून बसणार किती ते विचारत जा. आदेशाविरुद्ध अपील ३० दिवसांत बाल न्यायालयात. प्रकरण फोस्टर केअरचं, म्हणजे मूल दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देण्याचं, किंवा प्रायोजकत्वाचं, म्हणजे मुलासाठी दरमहा पैशाच्या मदतीचं, असेल तर अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. इथं चांगले चांगले चुकतात, चुकीच्या दारात अपील ठेवतात आणि ते ३० दिवस तिथंच संपतात.

आता दुसरं घड्याळ. ते तुझ्या पुस्तकात नाही, सातपुड्यात आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे अक्राणीकडच्या दोन बहिणींचं प्रकरण आलं. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत, बारडोलीच्या बाजूला. धाकटी आजारी म्हणून दोघी आजीकडे ठेवलेल्या. आजीला अर्धांगाचा झटका आला, तिला दवाखान्यात हलवलं, पोरी उघड्यावर पडल्या, कुणीतरी मुलांच्या मदतीच्या १०९८ क्रमांकाला फोन केला. इथपर्यंत सगळ्यांनी बरोबरच केलं. मोठी सहा वर्षांची, ती बालगृहात गेली. धाकटी दीड वर्षाची, ती शिशुगृहात. वयामुळे दोघींच्या दोन संस्था झाल्या. मोठी मला पहिल्या भेटीत एवढंच म्हणाली, "धाकटी रात्री माझ्याशिवाय झोपत नाही."

मी आईची वकील. मुकादमाचा नंबर मिळवला, आईशी बोलले. ती रडली, पण येते म्हणाली नाही. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली. नवराबायको मिळून एक कोयता, त्यातलं एक माणूस निघालं की कोयता मोडतो आणि उचल अंगावर येते. मी शहाणपण केलं. समितीला सांगितलं, पट्टा पडला, म्हणजे तोडीचा हंगाम संपला, की पालक येतील, मुदत मिळावी. मिळाली. पुन्हा मागितली, पुन्हा मिळाली. माझ्या हिशेबी सगळं सुरळीत चाललं होतं.

तिकडे कागदावर काय चढत होतं? "पालक गैरहजर." पुढच्या तारखेला पुन्हा तेच. टाकून दिलेलं मूल दत्तकासाठी विधिमुक्त, म्हणजे कायद्यानं दत्तक द्यायला मोकळं, ठरवायचं तर दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला हजर केल्यापासून दोन महिने आणि त्याहून मोठ्याला चार महिने, एवढीच कायद्याची मुदत. तोडीचा हंगाम चालतो पाच-सहा महिने. म्हणजे आई उसाच्या फडात असतानाच कायदा तिची वाट पाहून थकतो. पालकांचा शोध घ्यायचा म्हणून वर्तमानपत्रात जाहिरात देतात. फडात पेपर कोण वाचतं? धाकटीची फाइल त्या वाटेला लागल्याचं मला एका परिवीक्षा अधिकारी बाईंनी जिन्यात सहज बोलता बोलता सांगितलं. सहज! त्या बोलल्या नसत्या तर? मी त्याच दिवशी अर्ज दिला, आईचा फोन स्पीकरवर लावून समितीपुढे ठेवला, उचलीचा कागद फोटो काढून मागवला. फाइल थांबली. हे सगळं मला पहिल्या तारखेला करता आलं असतं, नंबर तर पहिल्याच आठवड्यात माझ्या डायरीत होता.

आई चार महिन्यांनी आली. होळी तोंडावर होती. तिनं धाकटीसाठी काळ्या मण्यांच्या मनगट्या आणल्या होत्या, त्या हातात चढेनात. पोरीनं तिच्याकडे पाठ केली आणि शिशुगृहातल्या मावशींच्या पदरात तोंड खुपसलं. आई माझ्याकडे पाहत राहिली. ती मला काही म्हणाली नाही, आणि मी तरी काय सांगणार होते, की मुदत मी मागितली होती?

म्हणून सांगते, हंगामी स्थलांतराचं कुटुंब असेल तर पहिल्याच दिवशी लेखी दे: कुठे गेलेत, कुणाबरोबर गेलेत, उचल किती, परत कधी येणार. फोनवर म्हणणं ऐकावं असा अर्ज कर. "गैरहजर" आणि "येऊ शकत नाहीत" यांत एका आयुष्याचा फरक पडतो आणि तो फरक रोजनाम्यात उतरवणं हे आपलंच काम.

पण घाईचंही सांगते, नाहीतर तू उद्यापासून दिसेल त्या पोराला घरी सोडायला निघशील. एका पंधरा वर्षांच्या मुलीला मी अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी घरी सोडवून दिलं. आईबाप आले, रडले, सणाला लेक घरी हवी म्हणाले. अखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि मीही खानदेशातलीच, मला ते ऐकून भरून आलं. अखाजी हा लग्नाचाही मुहूर्त असतो हे मला आठवायला नको होतं? झोका राहिला बाजूला, मुलीला हळद लागली. घरी सोडण्याच्या आदेशात गृहभेटीची अट आणि पालकांची लेखी हमी दोन ओळींत मागता आली असती. मी मागितली नाही.

तेव्हा पहिला प्रश्न स्वतःला विचार, मी कुणाचा वकील? आजीचं वकीलपत्र असेल तर आजीचाच हो, "मुलाचं हित" म्हणत दोन्ही दगडांवर पाय ठेवू नकोस. आजीचं आणि पोराचं एक नाही असं वाटलं तर समितीला तसं सांग आणि मुलासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडून वेगळा वकील मागून घे. १९८७ च्या कायद्यात कलम १२ आहे: स्त्री आणि बालक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील. हे आजीलाही सांग. परवा ती कनवटीचे पन्नास रुपये सोडत होती आणि तू दुसरीकडे पाहत होतास. घेतले नाहीस हे मी पाहिलं, पण "लागत नाहीत" असं तिला म्हणायला हवं होतंस.

अहवाल वाचलास का आता? मी न वाचताच सांगते, त्यात "आर्थिक परिस्थिती हलाखीची" हे वाक्य असणार. नंदुरबारपासून मुक्ताईनगरपर्यंत कुठल्याही पाड्यावर, झोपडपट्टीत गेलास तर दुसरं काय लिहिणार? गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे. तिथं भाषण करू नकोस, समितीच्या सदस्यांनी तसली भाषणं पुष्कळ ऐकली आहेत. त्या वाक्याच्या उत्तरात कागद ठेव. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतलं प्रायोजकत्व महिना ४००० रुपये, ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२ हजारांपर्यंत असलं तर. आपल्या राज्याची बालसंगोपन योजना, महिना २२५० रुपये. फोस्टर केअर म्हटलं की लोकांना परक्या घरातलं मूल दिसतं. आपल्याकडे आजी, मामा, मावशी हेच संगोपन करतात आणि पिढ्यान्‌पिढ्या विनाअनुदान करत आलेत. ताबा मागशील त्याच अर्जात ही मदत माग. नंतर मागू म्हटलं की ते नंतर येत नाही.

कागद मात्र तुलाच गोळा करावे लागतील. आजीचं आधार, पोराचं आधार, बापाच्या मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाइड, बँकेचं पासबुक, आणि घरासमोर मुलासकट उभं राहून काढलेला फोटो. हो, फोटो लागतो. एका आजीनं त्यासाठी घर सारवून घेतलं होतं, अंगण वाळेपर्यंत आम्हाला उभं केलं.

भाषेचं. तू शहाद्याचा, अहिराणी तुला येते, पण डोंगरातलं पावरी बोलणारं पोर तुझ्या अहिराणीलाही बिचकतं. एका अहवालात मी "बालक निरुत्तर" असं वाचलं होतं. प्रश्न काय विचारला होता? "पालकांसोबत वास्तव्य करण्याची इच्छा आहे का?" मीसुद्धा निरुत्तर झाले असते. तिथल्या स्वयंपाकीण बाई तोरणमाळकडच्या. त्यांनी त्याला भाकरी थापता थापता विचारलं, तर पोरगा पीठ संपेपर्यंत बोलत होता. नियमांत दुभाष्याची तरतूद आहे, अर्ज करून माग. स्वयंपाकीण बाईंना विचारायला मात्र अर्ज लागत नाही. आणि पोराशी बोलताना कोट काढून ठेव, खाली बस. एरंडोलकडचा एक मुलगा मला पंधरा मिनिटं काही बोलला नाही, मी गळ्यातला वकिली बँड सोडून खिशात घातला तेव्हा म्हणाला, "माले घर जानं शे."

भुसावळचं तुला आठवत असेल. ३० मे २०२३, दानापूर-पुणे एक्सप्रेस. बिहारमधून महाराष्ट्रातल्या मदरशांत शिकायला निघालेली ५९ मुलं भुसावळ आणि मनमाडला उतरवली आणि सोबतच्या पाच शिक्षकांवर तस्करीचा गुन्हा लावला. पुढच्या वर्षी पोलिसांनीच हा गैरसमजातून झालेला प्रकार म्हणून प्रकरणं बंद केली. मुलं मात्र बारा दिवस संस्थेत राहिली. जंक्शनवर खरोखरच पळवलेली, पळालेली पोरं सापडतात, तिथं शंका घेणं चूक नाही. पण त्या बारा दिवसांतला पहिला दिवस आठव: आईबापांना फोन लावणारा, त्यांची भाषा बोलणारा वकील तिथं असता तर?

एक बारकं काम. तुझ्या स्टेटसला बालगृहाच्या फाटकासमोरचा फोटो आहे, मागे दोन मुलं दिसताहेत. काढ आजच. कलम ७४: मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वकिलाला सूट नाही.

आणि लिहिताना नीट लिही. दत्तकाच्या नावाखाली परदेशी जाणाऱ्या मुलांबद्दल लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाला एक पत्र लिहिलं. त्यावरच १९८४ चा निकाल झाला आणि आंतरदेशीय दत्तकाला पहिल्यांदा शिस्त लागली. तुझ्या अर्जात परवा आजीचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलं होतं. आधारवर तिसरंच असेल, बघ.

आता कामाचं. उद्या सकाळी प्रकरण बोर्डावर घेण्याचा अर्ज दे, कारण खरं लिही: अहवाल वाचून झाला आहे, मुदतीची गरज उरलेली नाही. लाज वाटेल, वाटू दे. अर्जाला जोडून प्रायोजकत्वाची मागणी आणि तीन महिन्यांच्या गृहभेटींची विनंती. तहसीलचा दाखला राहिलाय, त्यासाठी मी तुझ्याबरोबर धडगावला येते. एसटीनं जाऊ, तुझ्या मोटरसायकलवर त्या घाटात बसायचं माझं वय नाही. येताना आजीकडे थांबू. तो पुडा तिनं अजून फोडला नसणार, तेव्हा खायला काही सोबत घे, चहाबरोबर ती तोच पुढे करील.

तुझ्या,
मॅडम
धुळे